सुरक्षित? कुणी तपासलं?

6 मार्च 2019 रोजी हुआवे या चिनी कंपनीनं अमेरिकी सरकारवर दावा लावला, तो आमच्या प्लेनोच्या फेडरल कोर्टात. कंपनीचं अमेरिकेतलं मुख्य कार्यालय प्लेनोतच होतं, म्हणून कोर्टही इथलंच. दुसऱ्या दिवशी कंपनीचे त्या पाळीचे अध्यक्ष ग्वो पिंग यांनी शेन्झेनमध्ये पत्रकार परिषद घेतली आणि टेक्ससमधल्या एका उपनगराचं नाव जगभरच्या बातम्यांत झळकलं.

निकाल लागून वर्षं झाली. तरी हे प्रकरण मी आज काढतेय, कारण त्यात जे घडलं नाही ते मला अजून खटकतं. हुआवेच्या यंत्रांत चोरवाट आहे की नाही, हा प्रश्न त्या कोर्टात तपासलाच गेला नाही. साक्षीपुराव्याची पाळीच आली नाही. राउटर, फर्मवेअर, पॅकेट, यातलं काहीही न्यायाधीशांपुढे उलगडून ठेवलं गेलं नाही.

भांडण होतं कलम 889 चं. ऑगस्ट 2018 मध्ये मंजूर झालेल्या संरक्षण खर्चाच्या कायद्यातलं हे कलम. त्यात पाच कंपन्यांची नावं सरळ लिहिली आहेत: हुआवे, झेडटीई, हायटेरा, हिकव्हिजन आणि दाहुआ. सरकारी खात्यांनी यांची ठरावीक सामग्री घ्यायची नाही, आणि ती वापरणाऱ्या दुसऱ्या कुणाशी कंत्राटही करायचं नाही. हुआवेचं म्हणणं असं, की गुन्हा सिद्ध न करता संसदेनंच आम्हाला शिक्षा सुनावली आणि राज्यघटनेला ते मान्य नाही. 18 फेब्रुवारी 2020 ला न्यायाधीश एमॉस मॅझंट यांनी दावा फेटाळला. सरकारनं आपला पैसा कुठे खर्चायचा हे संसद ठरवू शकते, याला शिक्षा म्हणता येत नाही, आणि सरकारी कंत्राट मिळणं हा कुणाचा घटनात्मक हक्क नाही, असा निकालाचा गाभा. कॅस्परस्की या रशियन कंपनीच्या अँटिव्हायरसवरची बंदी 2018 मध्ये अशाच कारणांनी टिकली होती.

कायद्याच्या अंगानं मला या निकालात खोट काढायची नाही. चीनच्या सरकारनं मागितलं तर तिथली कंपनी नाही म्हणू शकेल का, ही शंकाही रास्त आहे. माझा आक्षेप वेगळ्या जागी आहे. एका देशानं एका कंपनीवर आपल्या जाळ्यांत घुसण्याचा ठपका ठेवला, खटला उभा राहिला, 57 पानी निकाल आला, आणि सामान्य माणसाला त्या यंत्रांबद्दल खटल्याआधी जेवढं माहीत होतं तेवढंच नंतरही माहीत राहिलं. सुरक्षेच्या नावाखाली जो शब्द वापरला जाईल त्यामागे तपासण्याजोगी गोष्ट असलीच पाहिजे. ती नसेल तर मला तो शब्द मान्य नाही, मग तो कंपनीनं वापरलेला असो की सरकारनं.

प्लेनोत हे बोललंच पाहिजे, कारण दूरसंचार हा इथला घरचा धंदा आहे. शेजारच्या रिचर्डसनला लोक टेलिकॉम कॉरिडॉर म्हणूनच ओळखतात. एरिक्सनचं उत्तर अमेरिकेचं मुख्यालय प्लेनोत. एटी अँड टीनं 2008 मध्ये सॅन अँटोनियो सोडलं आणि मुख्यालय डॅलसला आणलं. रॉस पेरो यांची ईडीएस इथल्याच लेगसी भागात वाढली. मॅकॅफीचं मोठं ऑफिस इथे होतं. या कंपन्यांच्या आणि त्यांना माणसं पुरवणाऱ्या कंपन्यांच्या पगारावर प्लेनो, फ्रिस्को, अॅलन भागातली कितीतरी मराठी घरं उभी आहेत. रात्री दोनला पेजर वाजतो तो आपल्यातल्याच कुणाचा तरी.

या लोकांना शब्दांतले फरक पाठ असतात. व्हल्नरेबिलिटी म्हणजे यंत्रातली कच्ची जागा. थ्रेट म्हणजे त्या जागेचा फायदा घेऊ शकणारं कुणीतरी. रिस्क म्हणजे तसं होण्याची शक्यता किती आणि झालं तर नुकसान किती, याचा एकत्र हिशेब. बॅकडोअर म्हणजे जाणूनबुजून ठेवलेली आणि लपवलेली वाट. चारही गोष्टी वेगळ्या, चारही तपासायच्या पद्धती वेगळ्या. कच्ची जागा शोधायला कोड वाचावा लागतो. ती जागा मुद्दाम सोडली होती हे सिद्ध करायला हेतूचा पुरावा लागतो, आणि तो कोडमध्ये सहसा सापडत नाही. नेते आणि वाहिन्या मात्र या चारही गोष्टी एका वाक्यात कोंबतात. मराठीत तर चारही ठिकाणी ‘धोका’ एवढं म्हणून आपण मोकळे होतो.

व्याख्या नाहीत म्हणून असं होतं, हे मला कुणी सांगू नये. अमेरिकी सरकारनं 1996 मध्येच फेडरल स्टँडर्ड 1037सी काढलं, दूरसंचाराच्या संज्ञांचा जाडजूड कोश. राष्ट्रीय सुरक्षेच्या यंत्रणांसाठी सीएनएसएसआय 4009 हा वेगळा कोश आहे. व्याख्या लिहायला जाणकार बसवले, त्या छापल्या, सुधारल्या. राजकीय निर्णयाची वेळ आली तेव्हा व्याख्यांऐवजी कंपन्यांची नावं लिहिली.

कलम 889 आणि त्याचे नियम बघितले तर मोघम व्याख्या आणि तपासता येणारी कसोटी, दोन्ही शेजारी शेजारी आहेत. बंदी कशावर? जिथे ही सामग्री एखाद्या यंत्रणेचा ‘महत्त्वाचा किंवा आवश्यक घटक’ असेल तिथे. आता सरकारी खरेदीच्या नियमांत या घटकाची व्याख्या बघा: यंत्र किंवा सेवा नीट चालण्यासाठी लागणारा कोणताही भाग. म्हणजे पॉवर सप्लायसुद्धा त्यात बसतो. या व्याख्येनं काय तपासायचं ते समजत नाही, भीती तेवढी पसरते. पण त्याच कलमात सूट कशाला आहे तेही लिहिलंय. जे यंत्र वापरकर्त्याच्या डेटाची वाहतूक कुठे वळवू शकत नाही आणि ज्याला त्या डेटाच्या किंवा पॅकेटांच्या आत डोकावता येत नाही, त्यावर बंदी नाही. ही ओळ मला मनापासून पटते. यंत्र टेबलावर ठेवा, त्यातून वाहतूक सोडा, आणि ते वळवतं का, आत बघतं का ते पाहा. ही ओळ लिहिणाऱ्याला जाळं कसं चालतं हे ठाऊक होतं. त्याला आणखी चार पानं द्यायला हवी होती.

तिसरी ओळ वाचून मात्र माझा पारा चढतो. कंत्राटदारानं आपण बंदीतली सामग्री वापरत नाही हे सांगण्याआधी ‘वाजवी चौकशी’ करायची असते. या चौकशीची व्याख्या म्हणते, की आपल्याजवळ असलेली माहिती चाळा. अंतर्गत किंवा त्रयस्थ ऑडिटची गरज नाही. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न म्हणून कायदा करायचा, आणि ऑडिट नको म्हणून त्याच्याच नियमांत लिहून ठेवायचं!

खरी तपासणी कशी दिसते हे बघायचं असेल तर इंग्लंडमधल्या बॅनबरीला जावं लागतं. तिथे 2010 पासून एक केंद्र होतं, हुआवेच्या पैशावर चालणारं आणि ब्रिटिश गुप्तचर यंत्रणेच्या देखरेखीखालचं. हुआवेचा कोड उघडून वाचायचा एवढंच त्याचं काम. प्लेनोत दावा दाखल झाला त्याच मार्च 2019 मध्ये या केंद्राच्या देखरेख मंडळाचा वार्षिक अहवाल आला. एका यंत्राच्या सॉफ्टवेअरमध्ये ओपनएसएसएलच्या चार वेगवेगळ्या आवृत्त्यांच्या 70 पूर्ण प्रती सापडल्याचं त्यात लिहिलंय. ओपनएसएसएल म्हणजे संदेश कुलूपबंद करणारं सॉफ्टवेअर. त्याच्या जुन्या आवृत्त्यांतल्या कच्च्या जागा जगजाहीर असतात. एकाच यंत्रात 70 प्रती असतील तर कुठली बदलली, कुठली राहिली, हे बनवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. मेमरीत डेटा उतरवताना मर्यादा न बघणारी असुरक्षित फंक्शनं 600 हून अधिक ठिकाणी वापरलेली आढळली. दिलेल्या कोडपासून बाजारात गेलेलंच सॉफ्टवेअर पुन्हा तयार होतं का, याचीही पुरती खात्री पटवता आली नव्हती.

आणि सगळं लिहून झाल्यावर ब्रिटिश तज्ज्ञांनी स्पष्ट म्हटलं, की हे दोष चिनी सरकारच्या हस्तक्षेपामुळे आहेत असं आम्हाला वाटत नाही. हा गलथानपणा आहे, आणि त्यातून येणारी जोखीम मोठी आहे. जे दिसलं ते लिहिलं, जे दिसलं नाही ते गृहीत धरलं नाही. कंपनीची बाजू घेतली नाही की कंपनीवर आरोपही रचला नाही. पुढे जुलै 2020 मध्ये ब्रिटननंही हुआवेची 5जी सामग्री 2027 च्या अखेरीपर्यंत काढायचं ठरवलं. अमेरिकेनं चिपांची वाट बंद केल्यावर नव्या, अनोळखी चिपांवर चालणाऱ्या यंत्रांची खात्री देता येणार नाही, असं कारण त्यांनी दिलं. ते कारण पटो न पटो, ते वाचून त्यावर वाद घालता येतो. मला एवढंच हवं आहे.

नावावर बंदी घातली की जाळं निर्धोक होतं, ही समजूत तर 2024 मध्ये पार मोडली. सॉल्ट टायफून म्हणून ओळखली जाणारी चिनी हॅकरांची टोळी अमेरिकेच्या मोठ्या टेलिकॉम कंपन्यांत शिरली. एटी अँड टी आणि व्हेरायझन, दोघींची नावं त्यात आहेत. डिसेंबरमध्ये व्हाइट हाऊसनं बाधित कंपन्यांचा आकडा नऊ सांगितला. हॅकरांना आत यायला हुआवेचं यंत्र लागलं नाही. चोरलेले पासवर्ड आणि पॅच न लावलेले राउटर पुरले, आणि त्यातले काही राउटर अमेरिकी सिस्कोचे होते. याहून गंभीर गोष्ट एफबीआय आणि सायबर सुरक्षेची सरकारी संस्था सीसा यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितली: कोर्टाच्या हुकमानं पोलिसांना पुरवायची जी माहिती असते, तिच्यापर्यंतही हे लोक पोचले होते.

पोलिसांना माहिती पुरवायची ही वाट मुळात कायद्यानंच बांधायला लावलेली आहे. कॅलिया नावाच्या 1994 च्या कायद्यानं टेलिकॉम कंपन्यांना पोलिसांसाठी फोन ऐकण्याची सोय ठेवावी लागते. धंद्यात तिला लॉफुल इंटरसेप्ट म्हणतात. नाव कायदेशीर, पण आत शिरलेल्या चोराला कायदा कुठे आडवा येतो! ग्रीसनं हे फार आधी भोगलं होतं. 2004-05 मध्ये अथेन्समध्ये व्होडाफोनच्या जाळ्यावर पंतप्रधान कोस्तास कारामानलिस यांच्यासह शंभराहून अधिक लोकांचे फोन महिनोन्‌महिने ऐकले गेले. जाळ्यातली एक्स्चेंजं एरिक्सनची. युरोपातल्या, सर्वांच्या विश्वासातल्या कंपनीची. घुसखोरांनी त्यांत आधीपासून असलेलं कायदेशीर ऐकण्याचं सॉफ्टवेअर गुपचूप चालू केलं. त्यावर नजर ठेवणारी जोडयंत्रणा व्होडाफोननं घेतलेलीच नव्हती. विश्वासू कंपनी, कायदेशीर सोय, आणि देशाचा पंतप्रधान उघडा!

म्हणून लपवलेली वाट, गलथानपणानं राहिलेली वाट आणि कायद्यानं ठेवलेली वाट, या तिन्हींची तपासणी सारख्याच कडकपणे व्हायला हवी. आज पहिलीवर भाषणं होतात, दुसरीवर अहवाल येतात, तिसरीबद्दल बोलणंच अवघड जातं. सॉल्ट टायफूननंतर सीसानं महत्त्वाच्या पदांवरच्या लोकांना एंड-टू-एंड कुलूपबंद मेसेजिंग वापरायला सांगितलं. याच कुलपांविरुद्ध एफबीआय वर्षानुवर्षं तक्रार करत आली होती.

या ढिसाळ भाषेची किंमत कोण मोजतं? आधी छोटे. अमेरिकेच्या ग्रामीण भागातल्या लहान टेलिकॉम कंपन्यांनी स्वस्त म्हणून हुआवे आणि झेडटीईची यंत्रं घेतली होती. ती उपटून नवी बसवा, असा हुकूम आला. संसदेनं त्यासाठी 1.9 अब्ज डॉलर दिले. वाजवी खर्च निघाला 4.98 अब्ज. उरलेल्या 3.08 अब्जांची तजवीज व्हायला डिसेंबर 2024 उजाडलं. तोवर जुनं यंत्र दुरुस्त करता येईना आणि नवं घ्यायला पैसा नाही, अशा कात्रीत त्या कंपन्या आणि त्यांचे ग्राहक अडकले.

नंतर नोकरदार. जुलै 2019 मध्ये हुआवेच्या अमेरिकेतल्या फ्यूचरवेई या संशोधन कंपनीनं 600 हून अधिक लोकांना कामावरून कमी केलं. मे महिन्यात वाणिज्य खात्यानं हुआवेला निर्बंधांच्या यादीत टाकलं होतं, त्याचा हा परिणाम. एच-1बीवरच्या माणसाची नोकरी गेली की दुसरी शोधायला साठ दिवस असतात. घरभाडं, मुलांची शाळा, गावी पाठवायचे पैसे, सगळं त्या साठ दिवसांत बसवायचं. यातल्या कुठल्या इंजिनीअरनं काही गैर केलं होतं? कुणी तसं म्हटलंही नाही.

भारतात काही फार निराळं चाललेलं नाही. 15 जून 2021 पासून टेलिकॉम कंपन्यांना ‘विश्वासार्ह स्रोता’कडून आलेलीच यंत्रं जाळ्याला जोडता येतात. कंपन्या पोर्टलवर अर्ज करतात, राष्ट्रीय सायबर सुरक्षा समन्वयकांकडून मंजुरी येते. कुणाला विश्वासार्ह ठरवलं आणि कशावरून, याची कारणं तुमच्या-माझ्यापर्यंत येत नाहीत. चीनला लागून असलेल्या देशानं सावध राहावं हे मला शंभर टक्के मान्य आहे. सावधपणाची कसोटी लोकांपुढे मांडली तर देश दुबळा होतो, हे मान्य नाही. आपल्याकडेच त्याचं उत्तरही आहे. दूरसंचार खात्याची बंगळूरची एनसीसीएस ही संस्था यंत्रागणिक सुरक्षा निकष तयार करते, त्यांना आयटीसार म्हणतात. पासवर्ड कसा ठेवायचा, अपडेटवर सही कशी तपासायची, नको असलेली सेवा बंद आहे का, असं कलमवार लिहिलेलं. रुक्ष वाचन आहे, पण प्रत्येक ओळीपुढे ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहिता येतं. कॅमेऱ्यांच्या बाबतीतही एप्रिल 2025 पासून इंटरनेटला जोडले जाणारे सीसीटीव्ही ठरलेल्या सुरक्षा चाचण्यांतून गेल्याशिवाय भारतात विकायचे नाहीत असा नियम आला. यात केंद्र सरकारचं कौतुक मी मोकळेपणानं करते.

आता प्लेनोतल्या माझ्या मराठी इंजिनीअर मित्रमैत्रिणींशी दोन शब्द. तुम्ही दिवसभर हेच काम करता. ऑफिसात कुणी नुसतं ‘सिक्युअर आहे’ म्हटलं तर तुम्ही त्याला मीटिंगमधून हलू देत नाही. कशापासून सिक्युअर, कुठल्या आवृत्तीत, कुणी तपासलं, रिपोर्ट कुठे, हे विचारता. मग मंडळाच्या गणपतीत कुणी विषय काढला की ‘ते टेक्निकल आहे, सोड’ असं म्हणून का टाळता? भारतातून आलेल्या समोरच्या काकूंनी चाळीस वर्षं बँकेत चेकवरच्या सह्या ताडून पाहिल्यात. तपासणी म्हणजे काय हे त्यांना तुमच्याइतकंच कळतं. त्यांना फक्त कुणीतरी मराठीत, धीरानं, यंत्र कुठे फसतं ते सांगायला हवं. दहा मिनिटं पुरतात.

आणि ही माहिती त्यांना लगेच लागणार आहे. त्या भारतात परततील तेव्हा कोथरूडच्या, ठाण्याच्या, नाशिकच्या सोसायटीत जिन्याजिन्यावर कॅमेरे लागलेले असतील. प्लेनोच्या खटल्यातल्या कलमात हिकव्हिजन आणि दाहुआ या ज्या दोन कॅमेरा कंपन्या आहेत, त्यांचा माल भारतात घरोघरी आहे. नाव बघून घाबरायचं कारण नाही आणि नाव बघून निर्धास्त व्हायचंही नाही. दुसऱ्या कुठल्या कंपनीचा कॅमेरा असला तरी प्रश्न तेच. पहिल्या दिवशी पासवर्ड बदलल्याशिवाय तो चालू होतो का? फर्मवेअरचे अपडेट किती वर्षं मिळणार, आणि ते कोण बसवणार? कॅमेरा इंटरनेटवरून नेमक्या कुठल्या सर्व्हरशी बोलतो, आणि ते बोलणं बंद केलं तर रेकॉर्डिंग चालू राहतं का? चाचणीचं प्रमाणपत्र याच मॉडेलचं आहे का, त्याचा नंबर काय? सोसायटीच्या सभेत हे चार प्रश्न लेखी द्या आणि उत्तरंही लेखीच मागा. विक्रेत्यानं ‘साहेब, एकदम सेफ आहे, पाचशे सोसायट्यांनी लावलाय’ एवढंच सांगितलं, तर कोटेशन त्याच्या हातात परत द्या आणि पुढच्याला बोलवा.